छत्री छापलेली भिंत

कमलेशवर अन्याय झाला तो यंदाच्या दसऱ्याला, सकाळच्या दुसऱ्या चहाच्या वेळी. आमच्या शेजारच्या वानखेडे काकू दीक्षाभूमीसाठी नागपूरला गेलेल्या होत्या. मी मानेसरला एका गार्डच्या केबिनवर शिडी लावून उभी होते. कमलेश स्वतः दिल्लीतल्या आमच्या कॉलनीच्या पार्कात दुसऱ्या टोकाला गुलाबांची माती उकरत होती. खुरपं ठेवायला ती आपल्या अवजारांच्या कोठरीपाशी परत आली, तर दाराला नवं कुलूप. कुलपाला झेंडूची माळ. दसरा होता ना, रहिवासी समितीने कुलपाचीही पूजा केली होती.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कोठरी गळत होती तेव्हा ती कुणालाच नको होती. गळायची थांबली, आणि तिला कुलूप लागलं.

संपादकांनी मला बजावलं होतं, दिवाळी अंक आहे, कामाच्या गमतीजमती लिही, हलकंफुलकं असू दे, पत्रक नको. गमती भरपूर आहेत. पत्रकाबद्दल मी कुठलंही वचन दिलेलं नाही.

आधी काम काय ते सांगते. प्लायवूडच्या खोल्यांच्या बाहेरच्या भिंती मी पाऊस, ऊन आणि धुक्यापासून वाचवते. गार्डच्या केबिनी, बागेतल्या अवजारांच्या शेड, गच्चीवरच्या खोल्या, एकदा नोएडात एक कबुतरखाना. बाबा पाहुण्यांना सांगतात, मुलगी सिव्हिल वर्कमध्ये आहे. आई सांगते, सोशलमध्ये आहे. पाहुणे दोघांकडे बघतात आणि मला लग्नाचं विचारतात.

या धंद्यात मी शिरले ती एका मागणीपायी. कॉलेजात आम्ही पत्रकं वाटायचो, त्यातलं एक गार्डच्या गळक्या केबिनीबद्दल होतं. गुरुग्रामच्या एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर मॅनेजरने ते उभ्याउभ्या पूर्ण वाचलं आणि म्हणाला, "बिल्कुल सही बात है. कर दीजिए." आम्ही गार झालो. मागणी फेटाळली तर काय करायचं हे आम्हाला पाठ होतं, मान्य झाली तर काय करायचं हे कुठल्याच पत्रकात नव्हतं. बाकीचे साथी दुसऱ्या मोर्चाला गेले. ब्रश माझ्या हातात राहिला. पुढे एका रंगाऱ्याने मला काम शिकवलं. शिकवलं म्हणजे अर्धं शिकवलं आणि अर्धं शिव्यांत सांगितलं. शिव्यांतलं जास्त लक्षात राहिलं.

आता प्लायवूड. प्लायवूड म्हणजे लाकडाची खारी. पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवलेले. (पापुद्रा हा शब्द मला वानखेडे काकूंनी दिला. मी 'लेयर' म्हणत होते.) खारी चहात बुडवताना आपण काय करतो? तिच्या पाठीवर चहा ओतत नाही, टोक बुडवतो, आणि चहा आपोआप वर चढतो. प्लायवूडही तसंच कडेकडून पितं. खालची कड जमिनीला टेकलेली असली की पाऊस थांबल्यावरही ते पीतच राहतं. मग फुगतं, पापुद्रे सुटतात, आणि एक दिवस भिंतीतून बोट आरपार जातं.

आणि लोक काय रंगवतात? समोरची बाजू. गेटवरून दिसणारी. मी अशा केबिनी पाहिल्यात ज्यांचं तोंड नव्या नवरीसारखं आणि पाठ म्हाताऱ्या म्हशीसारखी. मालकाला म्हटलं की मागची बाजूही करावी लागेल, तर तो विचारतो, "पीछे से कौन देखता है?" पाऊस बघतो. दिल्लीतला पाऊस कधी आला तर पश्चिमेकडून, आडवा, आंधीबरोबर, म्हणजे धुळीच्या वादळाबरोबर येतो, आणि त्याला गेट कुठल्या बाजूला आहे ते कुणी सांगितलेलं नसतं.

एका फार्महाउसवर मला कुत्र्याचं घर करायला बोलावलं होतं. सगळ्यात भारी मरीन प्लाय, उकळत्या पाण्यातही सुटत नाही असलं. मालकीणबाई म्हणाल्या, ब्रूनोला ओलीची ॲलर्जी आहे. पलीकडेच माळ्याची शेड होती, पेटीच्या फळ्यांची, बुरशीने काळी झालेली. मी माळ्याला विचारलं, तुम्हाला नाही का ॲलर्जी? तो म्हणाला, "हमको तो आदत है जी." मी ब्रूनोच्या घराला एक हात कमी दिला आणि तो रंग माळ्याच्या भिंतीला लावला. ब्रूनो अजून ठणठणीत आहे, चौकशी केली आहे मी.

तर कमलेश. आमच्या सरकारी कॉलनीतली माळीण. अलीगढकडची, माझ्या आईच्या वयाची, तोंडाने फटकळ. माझी पत्रकं तिला अजिबात पसंत नव्हती. एकदा मी तिला माळ्यांच्या हक्कांवरचं पत्रक दिलं, तर तिने त्यात झेंडूचं बी बांधून ठेवलं आणि वर मला सांगितलं की पुढच्या वेळी जरा जाड कागदावर छाप.

तिची कोठरी पार्काच्या कोपऱ्यात. अवजारं, खताच्या गोण्या, बी, तिचा डबा, आणि दुपारी ऊन फार झालं की पाठ टेकायला एक पोतं. एवढ्या मोठ्या कॉलनीत तिला बसायला दुसरी जागा नाही. कोठरीच्या भिंती मानेसरच्या कारखान्यांतून येणाऱ्या सुट्या भागांच्या पेट्यांच्या. कुणा जुन्या ठेकेदाराने ठोकलेल्या. फळ्यांवर अजून पेट्यांवरचे छाप होते. वर दाखवणारे बाण, त्यातले निम्मे खाली तोंड करून, कारण फळ्या उलट्या ठोकलेल्या. आणि पश्चिमेच्या भिंतीवर एक मोठी काळी छत्री. पेटीवरच्या छत्रीचा अर्थ जगभर एकच असतो, मला भिजू देऊ नका. इतकं स्वच्छ पत्रक मला आजवर लिहिता आलेलं नाही. भिंत स्वतःच्या अंगावर मागणी छापून वर्षानुवर्षं पावसात उभी होती.

त्या छत्रीचं कॉलनीने काय केलं? निवडणुकीच्या आचारसंहितेत कुणीतरी शंका काढली की हे एखाद्या पक्षाचं चिन्ह असावं. समितीने लगेच छत्रीवर खळ लावून वर्तमानपत्र चिकटवलं. खळ म्हणजे मैदा. भिंतींवर पत्रकं चिकटवत हिंडलेल्या माणसाला विचारा, ओल्या मैद्याला काय काय येतं ते. निवडणूक संपली, वर्तमानपत्र गळून पडलं, आणि छत्रीभोवती बुरशीचं हिरवं प्रभामंडळ उमटलं.

होळीनंतरच्या रविवारी मोहिते काका कोठरी बघायला आले. मोहिते काका म्हणजे आमच्या रहिवासी समितीचे सेक्रेटरी. बाबांबरोबर एकाच मंत्रालयात होते, मला लहानपणापासून ओळखतात, माझ्या पहिल्या पत्रकातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनाने काढून त्यांनी ते परत पाठवलं होतं. सज्जन माणूस. फक्त प्रोसिजर म्हटलं की त्यांना पुढचं काही दिसत नाही. त्यांनी पश्चिमेच्या भिंतीला अंगठा लावून दाबला. अंगठा आत गेला. तो बाहेर काढून, रुमालाने पुसून त्यांनी जाहीर केलं, की ही भिंत या पावसात टिकली तर ठीक, नाहीतर पावसानंतर शेड पाडून तिथे दोन गाड्यांचं पार्किंग.

कमलेश म्हणाली, "और मैं? मैं किस गाड़ी में बैठूँ?"

काकांनी हा मुद्दा विषयपत्रिकेत नसल्याचं सांगितलं.

मी म्हटलं, काम मी करते. मजुरी माझी, सामान माझ्या इतर कामांतून उरलेलं. समितीने एवढंच करायचं की मध्ये यायचं नाही.

मध्ये यायला समितीची गरजच पडली नाही. पहिली आडवी आली ती कमलेश. पश्चिमेच्या भिंतीवर तिची मधुमालती चढलेली होती, छपरापर्यंत. फुलं सुंदर, वास सुंदर, आणि खाली भिंत कधीच न वाळणारी, कारण ऊन लागतच नव्हतं. शिवाय आतून तिने त्याच भिंतीला ओल्या खताच्या गोण्या लावलेल्या. म्हणजे भिंतीला बाहेरून वेल आणि आतून खत. मी सांगितलं की लाकूड आधी पूर्ण वाळलं पाहिजे. ओल्या लाकडावर रंग लावणं म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट चढवणं. वेल काढावी लागेल.

कमलेशने माझ्याशी बोलणं टाकलं. वानखेडे काकू मध्यस्थीला गेल्या. काकू तळमजल्यावर राहतात, वर्ध्याकडच्या, सरकारी कार्यालयातून निवृत्त, पार्कातल्या प्रत्येक झाडावर आणि माणसावर त्यांचं लक्ष. त्या परत येऊन मला म्हणाल्या, "ऐक पोरी. ह्या पार्कात बाकी समदं तिनं दुसऱ्यानं सांगितलं म्हणून लावलं. ही येल तेवढी तिनं आपल्या मनानं लावली."

  मी भिंतीच्या एका टोकाला वीतभर अंतर सोडून बांबूची चौकट उभी केली, वेल पुढे तिच्यावर चढावी म्हणून. एका सकाळी गेले तर वेल गुडघ्यापर्यंत छाटलेली. कमलेश कात्री पुसत होती. म्हणाली, "लो, काट दी. अब अपनी दीवार को धूप खिलाओ." मी खाली पडलेल्या फांद्या उचलायला वाकले, तर तिने त्या मला उचलू दिल्या नाहीत.

मग भिंत वाळवली. वाळली की नाही ते बघायची युक्ती साधी आहे: भिंतीला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. आतून घामेजला तर भिंतीत अजून पाणी आहे. सडलेल्या खालच्या पट्ट्या कापल्या, कोठरी विटांवर उचलली, फळ्यांच्या सांध्यांवर आधी लवचीक भराव आणि मग लाकडी पट्ट्या मारल्या. प्रायमर पहिल्यांदा कडांना पाजला. पाजला म्हणजे पाजला, पितील तेवढा, मग पुन्हा. छपराचे पत्रे पुढे ओढले, म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता लांब पडेल. रंगावर वाद झाला. कमलेशला गुलाबी हवा, काकूंना निळा, समितीला ऑफ-व्हाइट. माझ्याकडे उरलेला होता एका बालवाडीचा पिवळा. लोकशाहीत असंही होतं.

तीन भिंती झाल्या. दाराकडची चौथी राहिली, आणि मला मानेसरचं काम आलं. जाताना मी स्पष्ट सांगितलं, कुणी कशाला हात लावायचा नाही.

वानखेडे काकूंकडे गावाकडून जवसाचं तेल येतं. घाण्याचं, ताजं. वांग्याच्या भाजीला त्या दुसरं तेल वापरत नाहीत. आणि त्यांच्या गावचा सुतार बैलगाडीला जवसाचं तेल लावायचा हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फक्त सुतार लावतो ते शिजवलेलं, वाळणारं. कच्चं तेल वाळायला आठवडेच्या आठवडे घेतं. काकूंनी कॅन उघडला, कमलेशने जुनी साडी फाडली, आणि दोघींनी मिळून चौथ्या भिंतीला माहेरवाशिणीसारखं न्हाऊमाखू घातलं. त्या दिवशी कमलेश भरभरून बोलली म्हणे, पण काकूंशी. माझ्याशी अबोला कायम.

हा सगळा प्रकार एप्रिल सरताना. दिल्लीकरांना कळलंच असेल. त्या दिवसांत सेमलाची, म्हणजे आपल्या काटेसावरीची, बोंडं फुटतात आणि पार्कभर कापूस उडतो. त्यात संध्याकाळी आंधी आली.

मी परत आले तेव्हा भिंत मेंढी झाली होती. अंगभर पांढरी लोकर, लोकरीत धूळ, कडुलिंबाचा मोहर, मुंग्यांची एक पूर्ण रांग जागच्या जागी, आणि कुणा परीक्षार्थी मुलाच्या नोट्सचं एक पान, पंचवार्षिक योजनांवरचं. वास मात्र असा, की बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहणारी यूपीएससीची दोन मुलं खाली येऊन विचारून गेली, काकू, आज जवसाची चटणी आहे का.

मी काकूंना विचारलं, हे काय केलंत?

"काऊन? चिकट हाय म्हणजे लागलं तर खरं न?"

त्याच वेळी मोहिते काका प्रगती बघायला आले. पांढराशुभ्र सदरा, शनिवार होता. मी तोंड उघडायच्या आत ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि देखभालीचं महत्त्व समजावू लागले. समजावून झाल्यावर निघाले, तर सदरा थोडा मागे राहिला. आवाज आला, जाड कागद फाडल्यासारखा. सदरा फाटला नाही, पण पाठीवर लोकर, मोहर आणि तिसरी पंचवार्षिक योजना. कमलेश वळून गुलाबांकडे बघू लागली, तिचे खांदे हलत होते. काकांनी पाठ झटकायचा प्रयत्न केला, हात चिकटला. मग ते अतिशय शांतपणे म्हणाले, "मी हे मिनिट्समध्ये घेणार नाही."

कमलेश जाता जाता मला म्हणाली, "हँस ले, मुँह क्यों सुजा रखा है?" एवढ्यावर आमचं पुन्हा सुरू झालं. ती भिंत आम्ही तिघींनी मिळून टर्पेंटाइन लावून खरवडली. (तेलाच्या चिंध्या कधी गोळा करून ठेवू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. हे मी थट्टेत सांगत नाहीये.) मग प्रायमर, मग पिवळा. पश्चिमेच्या भिंतीवर छत्री रंगाखाली गेली होती. कमलेश म्हणाली, ती परत काढ, निशानी आहे. मी काढली. आता पुढची आचारसंहिता येईल तेव्हा बघू.

पाऊस आला. एकदा तर रात्रभर आडवा लागला, सकाळी पार्काचं तळं झालेलं आणि बाकड्यांच्या नुसत्या पाठी वर. कमलेश पाण्यातून चालत कोठरीपाशी गेली, दार उघडलं, आत शिरली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी गेले तर ती पोत्यावर बसून डबा खात होती. बीच्या पुड्या कोरड्या. माझं पत्रक कोरडं, त्यातलं झेंडूचं बी कोरडं. तिने मला सरकून जागा दिली आणि अर्धी पोळी दिली. या कामात मला मिळालेलं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट ते.

पितृपक्षात मोहिते काका अंगठा घेऊन आले. चारी भिंती दाबल्या. पश्चिमेची दोनदा. अंगठा कुठेच गेला नाही. वेल तोवर बांबूवर पुन्हा चढली होती, भिंतीला न शिवता. काका आत गेले, छत बघितलं, हात पसरून लांबी-रुंदी घेतली. मला वाटलं कौतुक करतायत. कौतुकच करत होते. म्हणाले, "वा. इतकी चांगली जागा आपल्याकडे होती आणि आपल्याला पत्ताच नाही."

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आज त्या कोठरीत समितीच्या योगाच्या मॅट आहेत आणि पंधरा ऑगस्टचा लाउडस्पीकर. कमलेशची अवजारं बी ब्लॉकच्या जिन्याखाली. दसऱ्याच्या संध्याकाळी मी काकांच्या घरी गेले. त्यांनी मला सोनं दिलं, मोहिते काकूंनी चहा दिला. मी म्हटलं, "काका, ती शेड तुम्ही पाडणार होतात."

"हो. तेव्हा ती खराब होती."

"आणि आता?"

"आता चांगली झाली. म्हणून तर सगळ्यांच्या कामी आली." ते खरोखर प्रेमाने बोलत होते. "तुझंच श्रेय आहे. मी मिनिट्समध्ये तुझं नाव घेतलंय."

"कमलेश कुठे बसेल?"

"जिन्याखाली. पक्का जिना आहे, वॉटरप्रूफिंगचा प्रश्नच नाही. आणि हे बघ बेटा, दसऱ्याआधीच्या सभेत ठराव आला तेव्हा कुणीही हरकत घेतली नाही. एकाने जरी हात वर केला असता तर मी विषय पुढे ढकलला असता. प्रोसिजर आहे."

वानखेडे काकू नागपूरहून आल्या, त्यांनी कुलूप बघितलं आणि पहिलं वाक्य काय म्हटलं तर, "तेल उरलंय माझ्याकडं." मी त्यांना थांबवलंय. सध्या.

प्लायवूड मला आता समजतं. कुठे पाणी शिरेल, कुठली कड आधी सुटेल, हे मी लांबून सांगू शकते. चांगली केलेली वस्तू ज्याच्यासाठी केली त्याच्याकडेच राहावी म्हणून तिला काय लावायचं, ते मला ठाऊक नाही. असा कुठलाही रंग करोल बागेत मिळत नाही, मी विचारून बघितलंय. ते काम तुमच्याकडे आहे.

कारण सभेला कोण नव्हतं ते मी शोधून काढलं. तुम्ही नव्हतात, आणि मीही नव्हते, मानेसरला कामावर होते. हा अंक आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक मराठी घरी जातो, मीच पोचवते. मोहिते काका सोडले तर त्या घरांतून त्या दिवशी एकही माणूस सभेला आला नव्हता. समितीचा निर्णय चुकला असं म्हणणारे मला नंतर जिन्यात, भाजीवाल्याकडे, मेट्रोत भेटले. जिन्यात हात वर करून काही होत नाही, तिथे फक्त छताला लागतो.

कमलेश सध्या दुपारी कोठरीच्या बाहेर, पश्चिमेच्या भिंतीला टेकून, उलट्या घमेल्यावर बसते. डोक्यावर ती रंगवलेली छत्री. ऊन कोवळं आहे तोवर ठीक. पण धुकं येईल, आणि सकाळी घमेल्यावर दव असेल.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी समितीची पुढची सभा आहे, पार्कातच, त्याच भिंतीसमोर. या. फराळ आणलात तर चालेल. मॅट आणि लाउडस्पीकर ठेवायला माझ्या घरी जागा आहे, तेवढं कारण मी मोडून ठेवलंय. काका विचारतील, काही हरकत? तेव्हा हात वर करा, आणि किल्ली कमलेशच्या हातात पडेपर्यंत खाली घेऊ नका.